हिरोशिमाच्या आधीचं टोकियो
बरेच जण म्हणतात की दुसऱ्या महायुद्धातलं जपान म्हटलं की फक्त अणुबॉम्बच आठवतो. खरंय, पण ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोत अंदाजे १ लाख माणसं गेली ती नुसत्या आगीने. अमेरिकन जनरल कर्टिस लीमेने बी-२९ बॉम्बर विमानं नेहमीपेक्षा खूप खालून उडवली, वजन वाचवायला बहुतेक बंदुका पण काढून टाकलेल्या. त्यांतून टाकलेला एम-६९ बॉम्ब म्हणजे षटकोनी पत्र्याची नळी, छप्पर फोडून आत पडायची आणि मग नेपामची (घट्ट केलेल्या पेट्रोलची) पेटती जेली बाजूला उडवायची, ती चटई, कागदी दारं, जिथे लागेल तिथे चिकटून जळत राहायची.

आणि हे काही ऐनवेळी सुचलेलं नाही बरं का, १९४३ मध्येच युटाच्या वाळवंटात जपानी लाकडी घरं बांधून, आत तातामी (जपानी गवती चटया) वगैरे घालून या बॉम्बच्या ट्रायल घेतलेल्या. त्या घरांच्या डिझाइनला कोण, तर अँटोनिन रेमंड, म्हणजे टोकियोतच वर्षानुवर्षं घरं बांधलेला आर्किटेक्ट! (पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाचं गोलकोंड वसतिगृह पण त्याचंच.) मला तर हे बॉम्बपेक्षा भयंकर वाटतं.

नेपामच्या नावाने जगभर बोंब झाली ती व्हिएतनाममध्ये, त्यात १९७२ चा तो भाजलेल्या पळत्या मुलीचा फोटो. मग संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या करारात नागरी वस्तीत विमानातून असले आग लावणारे बॉम्ब टाकायला बंदी आली, टोकियोनंतर तब्बल ३५ वर्षांनी.