मदत हवी आहे: भावाच्या गेम डिझाइनसाठी पुण्याची महागडी संस्था की सांगलीतलं बी.एस्सी.?

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण आठवड्याभरात निर्णय घ्यायचाय आणि घरात या क्षेत्रातलं कुणालाच काही कळत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. अप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झाला, ७१ टक्के. त्याला गेम डिझायनर व्हायचंय. खेळण्यापेक्षा बनवण्यातच त्याचा जास्त वेळ जातो.

पर्याय दोन आहेत. पुण्यातल्या एका खाजगी संस्थेचा तीन वर्षांचा गेम डिझाइनचा कोर्स, फी साडेअकरा लाख. राहणं, मेस आणि चांगला लॅपटॉप धरला की सोळा लाखांच्या घरात जातं. दुसरा, विश्रामबागच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एंटायर. तीन वर्षांचे मिळून सव्वा लाखाच्या आत, आणि जेवायला घरी.

घरात साठवलेले चार लाख आहेत, म्हणजे पुण्यासाठी बारा लाखांचं कर्ज काढावं लागेल. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी महिन्याला १६,२०० च्या आसपास हप्ता बसतो, शिवाय शिकत असतानाचं व्याज चढत राहणार ते वेगळं. बँका साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आमच्याकडे तारण म्हणजे राहतं घर. रोज लोकांच्या अशा फायली मी बघते, हप्ते थकले की कुणाच्या घरी काय होतं तेही बघते. म्हणून हात थरथरतो.

संस्थेत चौकशीला गेलो तेव्हा विचारलं, पदवी कुणाची? परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाची, शिकवणार मात्र पुण्यात. अशा विद्यापीठांना आपल्या राज्याबाहेर दुसऱ्याच्या जागेत पदवीचे वर्ग चालवता येत नाहीत, हे यूजीसीने अनेकदा बजावलंय. मान्यतेचं पत्र मागितलं तर "मेल करतो" म्हणाले. तीन आठवडे झाले. प्लेसमेंटच्या यादीत कंपन्यांची नावं होती, पण मुलगा कोणत्या पदावर लागला हे एकाच्याही पुढे नव्हतं. वर रोज फोन, "तीनच जागा उरल्यात, २५ हजार भरून ठेवा." असं घाईला आणणारं माणूस माझ्या टेबलासमोर आलं असतं तर मी फाइल तिथेच थांबवली असती.

तरीही मी सरळ नाही म्हणू शकत नाही. का, ते कळायला त्याचा गेम सांगायला हवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या खालच्या खोल्या पाण्यात गेल्या. तेव्हा तो सहावीत होता. गेम त्याच पुराचा आहे. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी ती ५७ च्या वर गेली होती. खेळणाऱ्याने पाणी चढायच्या आत खालचं सामान माडीवर न्यायचं. आधी त्याने हे सगळं कागदावर केलं. अप्पांच्या जुन्या हिशेबपट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर घराचा नकाशा, काड्यापेट्यांची हळदीची पोती, आणि एक फासा. एका फेरीत एक पोतं किंवा दोन लहान वस्तू.

खेळायला मावशीची मुलगी बसवली. तिने पोती सोडली आणि आधी आजीची ट्रंक आणि कुत्रं माडीवर नेलं. हरली. हा काही बोलला नाही, वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नियम बदललेला होता: कुत्रं माडीवर असलं, की पाणी वाढायच्या एक फेरी आधी ते भुंकतं. ती परत खेळली, परत आधी कुत्रंच नेलं, आणि या वेळी जिंकली. मी दारात उभी राहून बघत होते. नियम कसा बदलला म्हणजे खेळणाऱ्याच्या मनासारखं वागणं शहाणपणाचं ठरतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तोच गेम त्याने गोडो नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. ते फुकट आहे आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. चित्रांसाठी ब्लेंडर शिकतोय, तेही फुकट. सॉफ्टवेअर शिकायला फी लागत नाही, एवढं मलाही पटलंय. २०२३ मध्ये युनिटीने (गेम बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर, याला इंजिन म्हणतात) गेमच्या इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि वर्षभरानं मागे घेतलं, तेव्हा किती जण दुसऱ्या इंजिनकडे वळले हे त्यानेच मला सांगितलं. एका सॉफ्टवेअरच्या शिक्षणावर सोळा लाख लावायचे आणि कोर्स संपेपर्यंत तेच बदललं, तर?

पण त्याची चित्रं अजून कच्ची आहेत, आवाज नाहीत. गेम सेव्ह होताना पोत्यांची संख्या चुकायची, ते शोधण्यात नऊ दिवस गेले, कारण विचारायला कुणी नव्हतं. परवा जेवताना म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअर मी घरी शिकेन. पण माझ्यासारखी चार पोरं मला सांगलीत कुठं भेटणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संस्था खरं तर तेच विकते असं मला वाटतं. तीन वर्षं त्याच नादाच्या मुलांमध्ये राहणं, चौघांनी मिळून ठरल्या तारखेला काहीतरी पुरं करणं. त्याची किंमत आहेच. पण सोळा लाख?

अप्पांची काळजी निराळी. "गेमिंगवर सरकारने बंदी घातली ना?" ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, हे त्यांना समजावलंय. पण २०२३-२४ मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी माणसं कमी केली, हे मी त्यांच्यापासून लपवलेलं नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, 'राजी' हा गेमही पुण्यातच तयार होऊन २०२० मध्ये आला. अशा ठिकाणी नव्या मुलाला घेताना पदवीचं नाव बघतात की त्याने पुरा केलेला गेम? बी.एस्सी. करून नंतर बंगळूरला एनआयडी या डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) किंवा सीईईडी ही त्याच पदवीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात जाणं, हा रस्ता कुणी चाललंय का? आणि डिझायनर म्हणून थेट नोकरी लागते, की आधी टेस्टिंग किंवा प्रोग्रामिंगमधून शिरावं लागतं? यूसीईईडी, म्हणजे बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी असते ती प्रवेश परीक्षा, जानेवारीत होऊन गेली, आम्हाला कळलं उशिरा. त्याचं मला फार वाईट वाटतं, मोठी बहीण म्हणून ते मी बघायला हवं होतं.

दोन दिवसांनी भर घालतेय

सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांनी एकच गोष्ट सुचवली, जी आम्हाला सुचलीच नव्हती: बी.एस्सी.च करा, पण पुण्यात, अनुदानित कॉलेजात. काल रात्री हिशेब मांडला. फी लाखाच्या आसपास, खोली आणि मेस महिन्याला नऊ हजार धरून वर्षाचे दहा महिने, तीन वर्षांचे दोन लाख सत्तर हजार. म्हणजे साठवलेल्यातच बसतं. कमी पडलं तरी चार लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. घराला हात लावावा लागत नाही. अप्पांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, अनोळखी मुलं दोन-तीन दिवस एकत्र बसून गेम बनवतात, हेही इथेच कळलं. पुण्यात तो कुठे भरतो आणि एकट्या नवख्याला आत घेतात का, हे कुणी सांगेल का?

येत्या रविवारी आम्ही दोघं कॉलेजं बघायला पुण्यात येतोय. तुमच्यापैकी कुणी स्टुडिओत असेल आणि दहा मिनिटं देऊ शकत असेल, तर सांगाल तिथे येऊ. लॅपटॉप बरोबर असेल. खेळून बघा आणि कुठे अडलात तेवढं त्याला सांगा. तो वही घेऊन येणार आहे.