रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर झालेय, पण येणारा प्रत्येक जण म्हणतो "फक्त ग्रामर बघ"

जुई_दुसरंसेम

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत मास्टर्स करतेय, दुसरं सेमिस्टर. मागच्या सेमच्या एका मॅडमनी माझं नाव युनिव्हर्सिटीच्या रायटिंग सेंटरला सुचवलं, त्यांनी नमुना म्हणून माझाच एक जुना पेपर मागितला, इंटरव्ह्यू झाला आणि चक्क घेतलं मला. मग ट्रेनिंग, मग दोन आठवडे सीनियर ट्यूटर्सच्या शेजारी बसून नुसतं बघायचं, आणि आता स्वतःचे सेशन्स सुरू झालेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, ४५ मिनिटांची अपॉइंटमेंट असते, कुठल्याही विषयाचा विद्यार्थी आपलं लिखाण घेऊन येतो, पहिल्या वर्षाचा निबंध असो नाहीतर पीएचडीचा चॅप्टर, आणि आम्ही ट्यूटर म्हणजे बहुतेक विद्यार्थीच. सगळे इंग्लिश साहित्यवाले असतात असंही नाही, आमच्याकडे एक गणिताचा आहे, एक नर्सिंगची.

तर काल एक इंजिनिअरिंगचा पीएचडीवाला आला, तोही माझ्यासारखाच बाहेरच्या देशातून आलेला, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. १२ पानं समोर ठेवली आणि म्हणाला ग्रामर चेक कर. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शंभरदा सांगितलंय की विद्यार्थ्याच्या कागदावर पेन चालवायचं नाही, प्रश्न विचारायचे. म्हणून मी विचारलं, "या पॅराग्राफमध्ये तुला नेमकं काय म्हणायचंय?" तर तो म्हणाला, "ते नीट म्हणता येत असतं तर इथे कशाला आलो असतो!" आणि खरं सांगू, मला त्याचं पटलं.

त्याच्या आदल्या दिवशी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती, जन्मापासून इंग्लिश बोलणारी. माझ्या बॅजवरचं नाव वाचलं आणि विचारलं, दुसरं कोणी मोकळं आहे का? मी हसून सेशन केलं, पण घरी येऊन डोक्यातून जाईना.

तर प्रश्न दोन आहेत. हे "हात लावायचा नाही, नुसते प्रश्न विचारायचे" प्रकरण खरंच उपयोगाचं आहे की नुसतं तत्त्वज्ञान? आणि ज्याची इंग्लिश ही आईची भाषा नाही त्याने इंग्लिश लिखाणाचा ट्यूटर व्हावं का? इथे कोणी हे काम केलंय का?

---

तिसरा_ड्राफ्ट

केलंय, तीन वर्षं. आधी एक गोष्ट, तुझी पहिली पाच मिनिटं चुकली असणार. राग मानू नकोस, माझीही पहिलं अख्खं सेमिस्टर चुकत होती.

कागद समोर आला की आपण लगेच वाचायला लागतो. तसं करू नकोस. आधी तीन गोष्टी विचार, प्रोफेसरनी नक्की काय लिहायला सांगितलंय (असाइनमेंटचा कागदच मागून घे, तोंडी सांगतात ते निम्म्या वेळा भलतंच असतं), कधी द्यायचंय, आणि आज उठून जाताना काय झालेलं हवंय. दोन तासांनी सबमिशन असेल तर त्याला अख्खा मुद्दा नव्याने मांडायला सांगणं म्हणजे निव्वळ छळ आहे. तीन आठवडे हातात असतील तर मात्र स्वल्पविराम लावत बसण्यात अर्थ नाही, कारण तो पॅराग्राफ शेवटपर्यंत टिकेल की नाही हेच माहीत नसतं. म्हणूनच आधी मोठ्या गोष्टी, म्हणजे मुद्दा, रचना, पुरावा, आणि मग वाक्यं, हा क्रम.

१२ पानं ४५ मिनिटांत होत नाहीत. कोणाकडूनच होत नाहीत. हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाक आणि म्हण की कुठली दोन पानं सगळ्यात जास्त छळतायत ती निवड. मग त्यालाच मोठ्याने वाचायला लाव. मोठ्याने वाचताना माणूस स्वतःच अडखळतो, मध्येच थांबतो, "हे असं नको होतं" म्हणतो, तुला काही बोलायचीही गरज पडत नाही. दोन पानांत चुकांचे ठरावीक प्रकार दिसतात, त्यातले दोनच धर, पहिल्या पानावर तू दाखव, दुसऱ्या पानावर त्याला शोधू दे. ग्रामर चेक पण झालं आणि धुणं पण तू धुतलं नाहीस.

आता ते पेन न चालवण्याचं कुठून आलं. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकाने एक लेख लिहिला, चांगलाच वैतागून लिहिलेला आहे, कारण त्याच्याच डिपार्टमेंटमधल्या लोकांना वाटायचं की रायटिंग सेंटर म्हणजे मोडकी वाक्यं दुरुस्त करून मिळण्याचं दुकान. त्याचं म्हणणं असं की आमचं काम लिखाण सुधारायचं नाही, लिहिणारा सुधारायचं. मग १९९१ मध्ये जेफ ब्रूक्सने आपल्या लेखात ते अगदी बसण्या-उठण्यापर्यंत नेलं, समोर नाही शेजारी बसा, कागद विद्यार्थ्याच्या जवळ हवा, हातात पेन्सिलच घेऊ नका म्हणजे मोह होणार नाही. त्याच लेखात असंही आहे की विद्यार्थी हट्टाने मागे टेकून बसला तर तुम्हीही तसेच बसा. मी एकदा करून बघितलं. दोघं मागे टेकून छताकडे बघत बसलो, आणि मग त्याने विचारलं, बरं वाटत नाहीये का तुला?

---

अनुस्वार

तिसरा_ड्राफ्ट यांचं बरंचसं पटलं पण "प्रश्न विचारा" वर माझा आक्षेप आहे आणि तो जरा जोरातच आहे.

प्रश्न विचारून माणसाच्या डोक्यात जे आधीपासून आहे तेच बाहेर काढता येतं. जे नाहीच ते कसं निघणार? मराठीत आर्टिकल नाही. "विद्यार्थ्याने पुस्तक वाचलं" यात कुठलं पुस्तक हे आपण संदर्भावरून समजून घेतो, 'अ' आणि 'द' ची भानगडच नाही. अशा भाषेतून आलेल्या माणसाला "इथे काय यायला हवं असं तुला वाटतं?" असं विचारणं म्हणजे नकाशा न देता पत्ता विचारण्यासारखं आहे. तो 'अ' म्हणेल, मग तुझा चेहरा बघून 'द' म्हणेल. त्याला शिकणं म्हणायचं का?

आणि हे काय माझं एकट्याचं म्हणणं नाही. म्युरिएल हॅरिस आणि टोनी सिल्वा या अभ्यासकांनी १९९३ मध्येच लिहिलंय की इंग्लिश दुसरी भाषा असलेल्यांसाठी ट्यूटरने जास्त सरळ सांगावं. १९९५ मध्ये शमून आणि बर्न्स यांनी तर या "शुद्ध" पद्धतीवरच टीका केली, त्यांनी संगीताचं उदाहरण दिलं की मोठा कलाकार शिष्याला स्वतः वाजवून दाखवतो, नुसता प्रश्न विचारत बसत नाही. आपल्याकडे गुरू समोर बसून गाऊन दाखवतात आणि मग म्हणतात आता तू म्हण, हे सांगायला आपल्याला लेख लागतो का! पण आठवड्याचं रिपोर्टिंग करताना ट्यूटर लोक "मी त्याला नियम सांगितला" हे चोरून केल्यासारखं लिहितात, त्याची मला गंमत वाटते.

म्हणजे पेपर आपण लिहून द्यावा असं म्हणत नाहीये मी. नियम सांग, एक वाक्य करून दाखव, पुढचं त्याला करू दे. बास.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यापेक्षा सोपं वाटतं. जन्मापासून इंग्लिश बोलणाऱ्या ट्यूटरला विचार की इथे 'द' का, दहातले नऊ म्हणतील "असंच बरं वाटतं कानाला". आता ज्याला कानच नाही त्या भाषेचा त्याने काय करायचं? तू ते नियमाने शिकलीयस, घोकून, मार खाऊन, त्यामुळे तुला सांगता येतं. "डिस्कस अबाऊट" का चुकीचं, "वन ऑफ द" नंतर अनेकवचन का, हे तुला जितकं नीट समजावता येईल तितकं त्या गणितवाल्याला येणार नाही. (गणितवाल्यांनो माफ करा.)

---

लाल_शाई

मी ट्यूटर नव्हतो, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. प्रोफेसरनी पेपरच्या शेवटी एकच ओळ लिहिलेली, रायटिंग सेंटरला जाऊन ये. मला ती शिक्षाच वाटली. मी बारावीपर्यंत इंग्लिशमध्ये पहिला आलेला माणूस आणि मला शिकवणीला पाठवतायत! तीन दिवस गेलोच नाही. गेलो तेव्हा समोर बायोलॉजीची एक अंडरग्रॅड मुलगी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिने ग्रामरला हातच लावला नाही. पहिली दोन पानं ऐकली, बाकीची चाळली आणि म्हणाली, तुझा खरा मुद्दा सहाव्या पानावर आहे, पहिली पाच पानं तू त्याची माफी मागतोयस का?

इतका राग आला. घरी जाऊन सहावं पान पहिलं केलं.

तर जुई, तो पीएचडीवाला चिडला म्हणजे तुझ्यावर चिडला असं धरू नकोस. तिथे येऊन बसणं हेच आधी कमीपणाचं वाटत असतं.

---

भटका_बाण

खरं विचारू का, हे सगळं आता कशाला? एआयला पेपर टाका, दोन सेकंदात ग्रामर साफ. ट्यूटर लागतोय कोणाला?

---

तिसरा_ड्राफ्ट

@भटका_बाण, वाक्य साफ करायला नाही लागत, मान्य. सेंटरला फक्त ग्रामरसाठी येणाऱ्यांपैकी काही जण येणं बंद करतील, आणि करू देत. पण मशीनला विचार की माझा मुद्दा कुठल्या पानावर आहे, ते तुला छान गुळगुळीत उत्तर देईल आणि तू मान हलवशील. माणूस समोर असला की त्याचा चेहरा दिसतो. मी एखाद्याचा पॅराग्राफ ऐकताना हरवलो की माझ्या कपाळावर आठी पडायची, आणि ती बघून समोरचा आपणहून म्हणायचा, "थांब, मला असं म्हणायचंय...", आणि पुढे जे बोलायचा ते कागदावरच्यापेक्षा दसपट बरं असायचं. मी फक्त म्हणायचो, हेच लिही, आत्ता, विसरायच्या आत.

शिवाय हे काम विद्यार्थ्यांकडेच का आलं तेही बघ. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला केला, हजारो नवी मुलं आली, लिहिण्यात कच्ची, पण कॉलेजने देऊ केलेल्या मदतीकडे फिरकेनात, कारण तीही वर्गासारखीच वाटायची. तेव्हा त्याच युनिव्हर्सिटीच्या ब्रूकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी वगैरे लोकांनी विद्यार्थ्यांनाच तयार करून बसवायला सुरुवात केली. ज्याच्या हातात मार्क नाहीत त्याच्यासमोर माणूस आपला कच्चा ड्राफ्ट काढतो, एवढी साधी गोष्ट आहे. लिखाणाच्या लॅब त्याआधीही होत्या म्हणा, मिनेसोटा आणि आयोवामध्ये १९३४ पासून. आणि ज्या आऊलवर (ऑनलाइन रायटिंग लॅब, म्हणजे वेबसाइट) आपण सगळे रात्री दोन वाजता संदर्भ द्यायचा एपीए फॉरमॅट शोधतो ते पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या रायटिंग लॅबचंच, लॅब १९७६ ची, ऑनलाइन १९९४ पासून. वर अनुस्वार यांनी ज्या हॅरिस बाईंचं नाव घेतलं त्यांनीच ती लॅब सुरू केली.

जुई, मार्कांवरून आठवलं. "याला ए मिळेल का?" हे प्रत्येक जण विचारणार. कधीही अंदाज सांगू नकोस, आणि "प्रोफेसरनी उगाच कापले" यावर मान पण डोलवू नकोस. वाटलं तरी. ती मान कुठे कुठे पोचते तुला माहीत नाही.

---

अनुस्वार

+१ मान न डोलवण्याला.

आणि एक रुक्ष गोष्ट, कोणी लिहिली नाही म्हणून. एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) असशील तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, आणि ते सगळ्या नोकऱ्या मिळून. लायब्ररीत आणि सेंटरमध्ये दोन्हीकडे शिफ्ट्स घेऊन हिशोब विसरणारी मंडळी बघितलीत. आणि तुमचं सेंटर सीआरएलएचं (ट्यूटर ट्रेनिंगला मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेचं) सर्टिफिकेशन देत असेल तर पहिल्या लेव्हलला १० तास ट्रेनिंग आणि २५ तास प्रत्यक्ष ट्यूटरिंग लागतं, ट्रेनिंगच्या तासांची नोंद आत्तापासून ठेव, नंतर कोणाला आठवत नाही.

त्या बॅजवाल्या मुलीबद्दल. हे परत होणार, खोटं कशाला सांगू. मी एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं, "हो, दुसऱ्या कोणाची अपॉइंटमेंट घेता येईल, पण आज आपल्याकडे ४० मिनिटं आहेत, सुरू करायचं का?" एवढंच, आवाज न चढवता. बहुतेक बसतात. एक जण उठून गेला होता, मी त्या ४० मिनिटांत माझा स्वतःचा पेपर लिहिला. पण हे मनात ठेवू नकोस, तुमच्या डायरेक्टरला सांग, नोंद व्हायला हवी.

---

जुई_दुसरंसेम

सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचलं सगळं. डायरेक्टर मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या आधीच का नाही सांगितलंस.

आणि तो पीएचडीवाला आज परत आला! ऑनलाइन वेळ घेताना ट्यूटर निवडता येतो, त्याने माझं नाव निवडलेलं. का ते मी विचारलं नाही, कदाचित माझाच स्लॉट रिकामा असेल. यावेळी मी सरळ सांगितलं की १२ पानं होणार नाहीत, दोन निवड. त्याने तीन निवडली. आर्टिकलचा नियम मी कागदाच्या मागे लिहून दिला, म्हणजे पेन चालवलंच शेवटी, पण मागच्या बाजूला. तिसऱ्या पानावर त्याने स्वतः सात ठिकाणी दुरुस्त केलं, त्यातलं एक चुकीचं होतं, आणि एकावर आम्ही दोघं अडकलो, 'द' हवा की नको. शेजारच्या टेबलावरच्या गणितवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "द घाल, बरं वाटतं कानाला."

---

अनुस्वार

😂 मी काय म्हणालो होतो