गुडघ्यात बाभळीचा काटा: एक्स-रे नॉर्मल, सूज जात नाही

प्रश्न:
शेतमजूर, वय ३५. कुंपण घालताना बाभळीचा काटा वाटीच्या आतल्या बाजूला घुसला. ओढून काढला, टोक आत मोडलं का ते कळलं नाही. पाच आठवडे झाले. जखम भरली, पण अँटिबायोटिक थांबलं की सूज परत येते. ताप नाही, गुडघा पूर्ण दुमडत नाही. एक्स-रे नॉर्मल. थेट एमआरआय करावा का?

उत्तर (रेडिओलॉजी):
एक्स-रेत धातू दिसतो, काचही बहुधा दिसते. काटा, लाकूड दिसत नाही. त्या रिपोर्टवर काटा नाही असं धरू नका. आधी हाय-फ्रीक्वेन्सी लिनिअर प्रोबने (कातडीजवळचं बारीक दाखवणाऱ्या) सोनोग्राफी. काटा पांढऱ्या रेघेसारखा, मागे सावली, भोवती काळं कडं. व्रणापासून सुरुवात करायला सांगा. सोनोग्राफी करणाऱ्याला काट्याची हकीकत कळलीच पाहिजे, नाहीतर 'सांध्यात पाणी' एवढाच रिपोर्ट येतो. हाडाआडचं सुटू शकतं. शंका उरली तर एमआरआय.

उत्तर (अस्थिरोग):
एमआरआयआधी सांध्यातलं पाणी काढून तपासा. सुई व्रणातून नको, चांगल्या कातडीतून. पेशींची मोजणी, क्रिस्टल, ग्राम स्टेन (रंग देऊन जिवाणू बघणं), कल्चर, शिवाय टीबी आणि बुरशीचं कल्चर. थोडं पाणी ब्लड कल्चरच्या बाटलीतही टाका. लॅबच्या फॉर्मवर 'काट्याची जखम' लिहा. अशा सांध्यात पँटोइया अ‍ॅग्लोमेरन्स हा झाडांवरचा जिवाणू सापडतो. अँटिबायोटिक चालू असताना कल्चर निगेटिव्ह आलं तर त्यावर विसंबू नका. आणि कृपा करून स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ नका.

प्रश्नकर्ता:
काटा दिसला तर नुसतं धुऊन भागेल?

उत्तर (अस्थिरोग):
नाही. तुकडा सुजलेल्या सायनोव्हियममध्ये (सांध्याच्या आतल्या अस्तरात) गुरफटलेला असतो, सलाइनने निघत नाही. दुर्बिणीतून काटा आणि भोवतालचं सायनोव्हियम दोन्ही काढावं लागतं. वाटीवरची पिशवी, दोन्ही बाजूंच्या खाचा बघाव्यात. तिथे नसेल तर मागच्या कप्प्यासाठी वेगळं पोर्टल (दुर्बीण घालायचं छिद्र). ऑपरेशनच्या दिवशी सोनोग्राफीने कातडीवर खूण करून घ्या. काटा ठिसूळ असतो, टोकाशी लांबीच्या दिशेने धरा आणि पोर्टल थोडं मोठं करून काढा, नाहीतर बाहेर येताना चरबीच्या गादीत निसटतो. सायनोव्हियम कल्चरला आणि बायोप्सीला, दोन्हीकडे. धनुर्वाताची लस झाली आहे का पाहा. ताप आला, गुडघा गरम झाला, पाय टेकवेना, तर तपासण्यांसाठी थांबू नका; त्याच दिवशी सांधा धुवावा लागतो.