काडतुसं तेलाने पुसू नका

हिरवट झालेली सुटी काडतुसं तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावीत, असं काही जण सुचवतात. कृपया नको. तेल टोपीच्या (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या भागाच्या) कडेने आत झिरपलं की बार फुसका जाऊ शकतो. माझ्या वडिलांची बाराबोरची (बोर म्हणजे नळीचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात असायची. दोन पावसाळ्यांत पितळेवर हिरवी पूड धरली. कमावलेलं कातडं पितळ खातं. खरा धोका मात्र सरमिसळीचा. वीसबोरचं काडतूस बाराबोरच्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून दुसरं भरून चाप ओढला तर नळीच फुटते! म्हणून तर वीसबोर पिवळं करतात. मूळ खोक्यात, कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. आणि परवानाधारक वारले असतील तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ही काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.