मदत हवी आहे: पक्षी आणि बेडूक तुलना (अर्जंट)

केळीवाला_रावेर: पोरीला शाळेतून पक्षी आणि बेडूक यांची तुलना दिलीय, आपल्या भागातलेच घ्यायचे म्हणे, उद्या द्यायचंय आणि नेटवर सगळीकडे तेच, पक्ष्याला पंख असतात बेडकाला नसतात, एवढं तर मलाही कळतं. पटकन सांगा कोणीतरी.

शहादेकर: कितवीला आहे? पक्षी कोणता?

केळीवाला_रावेर: सातवी. पिंगळा. बेडूक आपला शेतातला.

शहादेकर: मग रानपिंगळाच घ्या भो. १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता, संपला असंच धरलेलं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात आमच्या शहाद्याजवळ सापडला! तोरणमाळला आहे, तुमच्या यावल अभयारण्यात पण आहे. दिवसाढवळ्या शिकार करतो.

भरीतपार्टी: पोरीने बघितलाय का तो? डोक्यावर पांढरे ठिपके असले तर गावातला साधा पिंगळा, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं. जो रोज दिसतो तोच लिहावा, उगाच शायनिंग कशाला.

शहादेकर: खान्देशचा पक्षी लिहिला तर शायनिंग?

निंबाचा_पार: पिंगळा घरावर बोलला तर काही वाईट होत नाही, घाबरू नका.

भरीतपार्टी: कोण घाबरलंय काका?

काळीमाती: बेडूक कोणता ते कोणी विचारेना. पावसाळ्यात नर पिवळाधमक होतो, ओरडताना गळ्याशी निळे फुगे येतात, तो बुलफ्रॉग घ्या. खरा फरक पिल्लांत आहे. पिंगळ्याची ढोलीत दोन-तीन कवचाची अंडी, नर शिकार आणून देणार, मादी भरवणार. बेडकाची डबक्यात हजारोंनी, कवच नाही नुसतं बुळबुळीत, आईबाप बघत पण नाहीत, डबकं आटलं की सगळे शेपटीवाले गेले. पक्ष्याच्या हृदयाला चार कप्पे, बेडकाला तीन. आणि बेडूक ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून फवारणीचं औषध त्याला लगेच बाधतं.

केळीवाला_रावेर: मग फवारणी बंद करू का, करपा कोण आवरेल? ते जाऊ द्या. पिंगळा बेडूक खातो ना? पोरगी तेच चित्र काढतेय, चोचीत पिवळा बेडूक.

काळीमाती: खातो, पण बारके. बुलफ्रॉग पंधरा-सोळा सेंटिमीटरपर्यंत जातो, रानपिंगळा स्वतःच तेवीसचा. झेपणार नाही त्याला.

केळीवाला_रावेर: रंगवून झालं ओ.

भरीतपार्टी: चोचीत सरडा करा, शेपूट जोडली की झालं.