अनुभव धागा: दारापर्यंत गाडी येत नाही आणि सामान न्यायचंय समुद्रापार

बोळातला
आज कोपऱ्यावर कंटेनरची गाडी वळणात अडकलेली बघितली. ड्रायव्हर मागे-पुढे करतोय आणि वरच्या गॅलरीतून पाच जण पाच सल्ले देतायत. सगळं जुनं आठवलं, म्हणून धागा काढतोय. बोळ, चढ, पायऱ्या, कच्चा रस्ता, अशा ठिकाणाहून ज्यांनी घर उचलून परदेशी नेलंय त्यांनी लिहा. रडगाणी नकोत, मापं लिहा.

सुरुवात माझी. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब, २.४४ रुंद, २.५९ उंच. पण येतो गाडीवर बसून, म्हणजे माथा जमिनीपासून ४ मीटरच्या आसपास. हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर असेल तर आणखी ३० सेंटीमीटर. रस्त्याची रुंदी मोजून खूश होऊ नका, मान वर करा: तारा, फांद्या, कमान, छज्जा. आरसे धरून ३ मीटर मोकळे हवेत. आणि वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापतात. गटाराचं झाकण, कुंपणाचा खांब यांचा जीव तिथेच जातो.

टेम्पोवाली मावशी
बोळातल्या भाऊ, एवढं मोजूनही गाडी येणार नाहीच असं धरून चाला. लहान गाडीनं फेऱ्या, ज्याला शटल म्हणतात, तो खर्च आधीच अंदाजपत्रकात लिहून घ्या. पाहणीला येणाऱ्या माणसाला घरातली कपाटं दाखवायच्या आधी रस्ता दाखवा. तो रस्ता न बघता गेला की सामान भरायच्या दिवशी 'जादा अंतर', 'जिना', 'शटल' अशा तीन ओळी बिलात उगवतात.

हिशोब सोपा आहे. वीस फुटीत आत ३३ घनमीटर जागा, घरसामान नीट रचलं तर २५ ते २८ मावतं. शटलच्या बंद टेम्पोत १५ घनमीटर धरा. म्हणजे दोन फेऱ्या.

गोगलगाय
सोफा दारातून बाहेर येत नाहीये. आत कसा आला होता देव जाणे.

बोळातला
खिडकीतून आला असेल. किंवा सोफा आधी, भिंत नंतर.

सुतारपक्षी
गोगलगाय, आडवा ढकलू नका. सोफ्याची तिरकी खोली मोजा: पाठीच्या वरच्या कडेपासून हाताच्या पुढच्या कडेपर्यंत सरळ पट्टी धरा, आणि मागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या पट्टीपर्यंतचं काटकोनातलं अंतर घ्या. हे माप दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा कमी असेल तर सोफा उभा करून, आधी पाठ दारात घालून, वळवत निघतो. मोकळी रुंदी म्हणजे चौकट नाही हं. दार उघडल्यावर पानाची जाडी आत येते. बिजागरीची खीळ ठोकून पान काढलं की ३-४ सेंटीमीटर सुटतात, आणि बऱ्याचदा तेवढेच कमी पडत असतात. सोफ्याचे पायही बहुधा आट्यांवर असतात, फिरवून बघा.

गोगलगाय
पाय निघाले!! चारही. नऊ वर्षं तो सोफा झाडण्यासाठी उचलत होते.

दोरखंड
वरच्या मजल्यावरून काढायचं असेल तर शिडीसारखी तिरकी लिफ्ट मिळते का बघा. खिडकीला टेकते, तिच्यावर पाट सरकतो. पण खाली पाय रोवायला सपाट, पक्की जागा हवी आणि खिडकीपासून ती मागे घ्यावी लागते. बोळ जितका अरुंद तितका तिचा कोन उभा, आणि वजनाची मर्यादा कोनाप्रमाणे बदलते. मर्यादा पाटावर लिहिलेली असते. ती वाचा, चालकाच्या 'जाईल हो'वर जाऊ नका. खिडकीची झडप आदल्या दिवशी काढून ठेवा.

पायपीट
कोणी चालण्याचा हिशोब केलाय का? दारापासून टेम्पो ६० मीटरवर उभा आहे, नग २५०. जाऊन-येऊन १२० मीटर गुणिले २५०, म्हणजे ३० किलोमीटर. चार माणसांत प्रत्येकी साडेसात, त्यातलं निम्मं डोक्यावर ओझं घेऊन. आता १८० खोकी ट्रॉलीवर चार-चार न्या: ४५ फेऱ्या. उरलेले ७० नग हातानं. एकूण ११५ फेऱ्या, १४ किलोमीटरही नाहीत. मोठ्या वस्तूला दोघं लागतात ते वेगळं. ट्रॉली नसलेला कंत्राटदार स्वस्त नसतो, फक्त हळू असतो.

खडीवर ट्रॉलीची चाकं रुततात. १८ मिलीमीटरचं प्लायवूड लांबीत उभं चिरून चार पट्ट्या करा, एक मागची उचलून पुढे टाकायची असं करत जा. उतारावर ओल्या प्लायवर माणूसच घसरतो, तिथे खरखरीत पायपुसणी उलटी टाका. आणि जिन्यावरून ट्रॉली उतरवताना मूठ धरणारा वरच्या पायरीवर, ओझं खाली. दुसरा खालून फक्त दिशा देतो, वजन घेत नाही.

आईची लाडकी
आमच्याकडे पाऊस. 😭

टेम्पोवाली मावशी
अगं ताडपत्री दारापासून टेम्पोपर्यंत दोरीवर बांध, अंथरू नकोस. आणि ओला खोका सरळ परत घरात. ओला पुठ्ठा कंटेनरमध्ये गेला तर महिनाभर शेजाऱ्यालाही कुजवतो.

खारा वारा
पुठ्ठ्यावरून: बंद कंटेनरमध्ये दिवसा हवा तापते, रात्री पत्रा गार पडतो आणि छतावरून थेंब टपकतात. आतल्या आत पाऊस! पाणी येतं सामानातूनच. नीट न वाळलेलं लाकूड, धुऊन लगेच बांधलेल्या चादरी, फ्रिज. म्हणून फ्रिज दोन दिवस आधी बंद करून दार उघडं ठेवा, मागचं पाणी साचायचं ताटही पुसा. तेच विसरतात सगळे. कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या भिंतीच्या खाचांत टांगतात, सामानावर ठेवत नाहीत, कारण त्यातच पाणी साठतं. गाद्या प्लास्टिकच्या पिशवीत घालताना आधी उन्हात वाळवा, नाहीतर ओल आत कोंडते.

वॉशिंगपावडर
पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागून तीन-चार वाहतुकीचे बोल्ट लावायचे असतात. ड्रम स्प्रिंगांवर लटकतो, बोल्ट नसतील तर टेम्पोच्या पहिल्याच खड्ड्यात आपटतो. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल क्रमांक सांगून मागवा. आणि खालच्या फिल्टरमधलं पाणी काढा. अर्धा तांब्या निघतंच निघतं.

नवरोबा
बोल्ट सापडले. नवीन मशीन घेतल्यावर.

यादीवाला
सगळे उचलण्यावर बोलतायत, मोजण्यावर कोणी नाही. शटल आलं की तुमचं सामान दोनदा चढतं-उतरतं. हरवतं ते या सांध्यावर. नग क्रमांक खोक्याच्या वर आणि शेजारच्या दोन बाजूंवर लिहा, नुसता वर लिहिला तर रचल्यावर दिसत नाही. एक जण दारात, एक जण कंटेनरपाशी, दोघांकडे तीच यादी, दोघंही खुणा करणार. टेम्पो रिकामा झाला की दोन्ही याद्या जुळल्याशिवाय तो परत पाठवायचा नाही.

यादीत 'किरकोळ' हा शब्द नको. कस्टमवाला नेमकं तेच खोकं उघडतो. आणि विमा: तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर बहुतेक पॉलिसी भरपाई देत नाहीत. काच-चिनीमाती कंत्राटदाराच्या माणसांना भरू द्या, पुस्तकं तुम्ही भरा.

पुस्तककिडा
पुस्तकांचं खोकं लहानच. ४५ × ३५ × ३० सेंटीमीटरचं, पाच पदरी पुठ्ठ्याचं. तेही काठोकाठ भरलं तर २५ किलोच्या पुढे जातं, आणि ६० मीटर चालल्यावर बूड सुटतं. खाली अर्धी पुस्तकं, वर कपडे, एकूण १५ किलो. तळाला चिकटपट्टी इंग्रजी एचच्या आकारात, नुसती मधली शिवण नाही.

पायपीट
पुस्तककिडा, एकूण खोकी किती तेही सांगा की.

पुस्तककिडा
विषय बदला.

बंदरपक्षी
ज्यांच्या दारात कंटेनर येत नाही त्यांनी तो रस्त्यात उभा करून भरायचा हट्टही सोडावा. ड्रायव्हर ठरावीक तास थांबतो, पुढे तासाचं मीटर. शटलची दुसरी फेरी अडकली की ते पळायला लागतं. वर कंटेनरची फरशी जमिनीपासून जवळपास सव्वा मीटर उंच, रस्त्यावर प्रत्येक नग तेवढा उचलायचा. त्यापेक्षा सामान गोदामात न्या, तिथे माल चढवायचा ओटा कंटेनरच्या फरशीच्या पातळीला असतो. फक्त सील तुमच्या डोळ्यांदेखत लागत नाही, म्हणून दार बंद करतानाचा आणि सीलच्या क्रमांकाचा फोटो मागवा. तोच क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर हवा.

गोदामात लाकडी पेट्यांत भरणार असतील तर लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि 'एचटी' अक्षरं बघा. लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं लागतं. प्लायवूडला हा नियम नाही, पण प्लायच्या पेटीखालच्या ठोकळ्यांना आहे.

खारा वारा
ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणाऱ्यांनो, सायकल, कुदळ, बुटांचे तळवे टूथब्रशनं घासा. माती सापडली की साफसफाईचा खर्च तुमच्या माथी. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राची टाकी कोरडी हवी. रंग, थिनर, स्प्रेचे डबे, गॅसचे कॅन कुठेच चालत नाहीत.

आईची लाडकी
पाऊस थांबला! पण टेम्पो चढावर चढत नाहीये.

दोरखंड
मागच्या चाकांवर वजन नसेल. पुस्तकांची खोकी आधी भरून बघा.

पुस्तककिडा
बघा, उपयोग झाला की नाही.

टेम्पोवाली मावशी
आणि तिकडच्या घराचा रस्ता कोणी विचारलाय का? इथे सगळं मोजून तिकडे तिसरा मजला निघतो. नवीन दाराची, जिन्याच्या वळणाची मापं आधी मागवा. तिकडे न चढणारं कपाट इथूनच नेऊ नका. लाकडी भुशाच्या बोर्डाचं असेल तर तसंही नको, एकदा सुटल्यावर त्याचे स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाहीत.

गोगलगाय
सोफा बाहेर. आता सायकल. डावं पेडल निघत नाहीये, उजवं पटकन निघालं.

सुतारपक्षी
डाव्याचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. १५ मिलीमीटरचा पाना.

गोगलगाय
निघालं.