शब्दचर्चा : हेवा, ईर्षा, असूया, मत्सर

नुकतीच एक किशोरवयीन मुलींवरची मराठी कादंबरी वाचली. दहावीतल्या दोन जिवलग मैत्रिणी, वर्गात नव्याने आलेला मुलगा, तो दोघींनाही आवडतो, मग अबोला, मग कायमचं तुटणं. लहानांसाठी आपल्याकडे पुष्कळ पुस्तकं आहेत. पंधरा-सोळाच्या मुलींच्या हाती द्यावं असं मात्र शोधत फिरावं लागतं. म्हणून मोठ्या आशेने घेतली होती. पार हिरमोड झाला, आणि त्याचं मुख्य कारण मला भाषेत सापडलं.

नायिकेच्या मनात जे जे येतं त्याला एकच शब्द लावलेला आहे : मत्सर. मैत्रिणीला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं की हिला मत्सर वाटतो. मैत्रीण त्या मुलाबरोबर सायकल हातात धरून क्लासपर्यंत चालत गेली की मत्सर. मैत्रिणीने वाढदिवसाला हिच्याआधी दुसऱ्याच कुणाला फोन केला, तरी मत्सरच. या तीन प्रसंगांत मुलीच्या पोटात एकच गोष्ट होत असेल, हे मला पटत नाही. पहिल्या प्रसंगी हेवा आहे. दुसऱ्यात जळणं आहे. तिसऱ्यात तर मत्सर औषधालाही नाही, तिथे दुखावलेपण आहे.

हेवा आणि मत्सर यांत नुसता कमी-जास्तीचा फरक नाही. 'मला तिचा हेवा वाटतो' हे वाक्य बघा. भूक लागते, रडू येतं, तसा हेवा आपसूक वाटतो. ज्याला वाटतो त्याचा त्यात काही दोष नसतो. म्हणूनच 'हेवा वाटावा असा संसार' हे आपण कौतुकाने म्हणतो. तिथे 'मत्सर वाटावा असा' कुणी म्हणणार नाही. याउलट 'ती तिचा मत्सर करते' यात 'करते' आहे. मत्सर वाटतो असंही म्हणतात, पण शब्दाचा खरा जोर करण्यात आहे. तो षड्रिपूंतला सहावा. आणि 'कोणाही जिवाचा न घडो मत्सर' असं तुकोबा म्हणतात तेव्हाही तो हातून घडणारी गोष्ट म्हणूनच येतो. या वयातली खरी गोष्ट या दोन क्रियापदांच्या मधेच असते : जे आपसूक वाटत होतं ते मुलगी कधी करायला लागली? कादंबरीने तो क्षण दाखवायला हवा होता. पहिल्या पानापासून मत्सर लिहिल्यावर पुढे दाखवायला उरतं काय?

शिवाय दोन ठिकाणी 'तिला ईर्ष्या वाटली' असं आलं आहे. ते मला फारच खटकलं. यावर जाणकारांनी लिहावं.

प्रतिसाद :
खटकणारच. हिंदीतली ईर्ष्या आणि आपली ईर्षा यांचे रस्ते कधीच वेगळे झाले. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ दुसऱ्याचं चांगलं सहन न होणं, आणि हिंदीने तो तसाच ठेवला. मराठीत बोलताना मात्र माणूस 'ईर्षेला पेटतो', 'ईर्षेने अभ्यास करतो'. मी बरीच वर्षं मुलींना खो-खो शिकवतो. 'पोरींनो, ईर्षेनं पळा' हे माझं रोजचं वाक्य, आणि त्याचा अर्थ समोरच्या संघाचा दुस्वास करा असा आजवर एकाही मुलीने घेतलेला नाही. ईर्षेत चुरस आहे, अंगातली रग आहे. डाव संपला की ती संपते. तेव्हा 'ईर्ष्या वाटली' ही हिंदी मालिकांची मराठी झाली. 'ती ईर्षेला पेटली' असं असतं तर नायिका निदान काहीतरी करताना दिसली असती.

प्रतिसाद :
ताई, असूया तुम्ही शीर्षकात घेतलीत आणि खाली सोडून दिलीत. मी पंचवटीत राहतो, म्हणून मला लगेच आठवली.

अमरकोशात असूयेची फार नेमकी व्याख्या आहे : 'असूया तु दोषारोपो गुणेष्वपि'. म्हणजे गुण दिसत असूनही त्यांच्यावर दोष लादणं. आता अरण्यकांडातली शूर्पणखा बघा. रामाकडे येते आणि सीतेविषयी काय म्हणते? ही विरूप आहे, तुला शोभत नाही. सीता समोर उभी असताना म्हणते! असूयेचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पुढे लक्ष्मणाने तिचं नाक कापलं आणि नासिकेवरून नाशिक, ही आपल्या गावाच्या नावाची लोकांच्या तोंडची कथा. (नऊ शिखरांवरून 'नवशिख' अशीही एक सांगतात.) सीतागुंफेपाशी ही कथा ऐकताना सगळ्यांचं लक्ष नाकावर असतं, त्याआधीच्या त्या एका वाक्याकडे कुणी बघत नाही.

आणि त्याच्या उलट टोकाला अनसूया. अत्रिऋषींची पत्नी तर आहेच, पण कालिदासाने शकुंतलेच्या एका सखीलाही हेच नाव दिलं आहे. मैत्रिणीला राजा भेटला तरी जिच्या मनात कालवाकालव होत नाही, ती अनसूया. मैत्री आणि प्रेम यांवर लिहिणाऱ्याने हे नाव मनात ठेवावं असं मला फार वाटतं.

प्रतिसाद :
मी अकरावीत आहे. आम्ही यातलं काहीच म्हणत नाही. 'जळते ती' म्हणतो, नाहीतर 'खार खाते'. आणि तो वाढदिवसाचा प्रसंग आहे ना, त्याला आम्ही 'पझेसिव्ह' म्हणतो. त्याला मराठी शब्द आहे का? पुस्तक मीही वाचलं. मला तो मुलगाच कळला नाही. त्याच्यात आवडण्यासारखं काय आहे ते कुठेच येत नाही, मग दोघी भांडतात कशासाठी?

मूळ धाग्याकडून :
तुझा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. शब्द नीट असते तरी तो मुलगा पुठ्ठ्याचाच राहिला असता.

असूयेबद्दल पंचवटीकरांची मी आभारी आहे, कारण त्यामुळे कादंबरीतली एक जागा माझ्यापुरती उलगडली. साधारण मध्यावर नायिका वर्गातल्या मुलींना सांगत सुटते की हिचं वक्तृत्व म्हणजे नुसतं पाठांतर, बक्षीस ओळखीने मिळालं. बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत हीच पुढे होती! गुणावर दोष लादणं याहून वेगळं काय असतं? हेवा असूयेत बदलला तो इथे. सबंध पुस्तकातला हा सगळ्यात जिवंत प्रसंग, आणि लेखिका तो अर्ध्या पानात उरकून पुढे जाते, कारण तिच्या लेखी सगळं आधीपासून मत्सरच आहे. वाईट वाटतं, कारण ही लेखिका वर्गातल्या मुलींचं बोलणं चांगलं लिहिते.

'पझेसिव्ह'ला नेमका प्रतिशब्द मला सुचत नाही, पण त्या भावनेसाठी बोलीत जागा आहे. आमच्या शाळेत जिवलग मैत्रिणीने नवी मैत्रीण केली की पहिली म्हणायची, 'ही कोण गं माझी सवत?' चेष्टेत म्हणायची, पण डोळे हसत नसायचे. सवतीमत्सर हा शब्द आपण नवरा-बायकोंच्या गोष्टीत कोंडून ठेवला आहे. दोन मैत्रिणींमध्ये तिसरी आली तर तो तंतोतंत बसतो. तो जड वाटत असेल तर 'वाटेकरी' घ्या : तिला मैत्रिणीत वाटेकरी नको होता. वाढदिवसाच्या फोनचा प्रसंग या एका वाक्यात आला असता. आणि मग वाचकाला हेही दिसलं असतं की हिला तो मुलगा मिळण्यापेक्षा मैत्रीण जाण्याची धास्ती जास्त आहे.

'खार खाणे' आणि 'डूख धरणे' यांत मी फरक करते : खार उघड दिसते, डूख दिसत नाही. इतरांना असं वाटतं का? निफाड, सिन्नर, कळवणकडे मुली मैत्रिणीच्या नव्या मैत्रिणीला काय म्हणतात, तेही लिहा.